पाठांतर



गेल्या कार्तिकातली गोष्ट. संध्याकाळी घरात हरिपाठ झाला. हरिपाठानंतर एखादा अभंग म्हणायचा, ही आमच्या घरची चाल. आता माझा आवाज बसला आहे, कीर्तनसेवा थांबून सहा वर्षे झाली, पण घरात चार माणसांत म्हणण्यापुरता गळा अजून चालतो. मी तुकोबारायांचा एक अभंग धरला. दुसऱ्या चरणात आलो आणि शेजारी गाथा उघडून बसलेली नात म्हणाली, "आजोबा, थांबा. पुस्तकात तसं नाहीये."

मी चष्मा लावून पाहिले. मुलीचे बरोबर होते. छापील शब्द वेगळा होता आणि माझ्या तोंडून गेला तो वेगळा. नारदांच्या गादीवर उभा राहून हाच अभंग मी किती वेळा सोडवला असेल, त्याची गणती नाही. तिथे कधी हा शब्द चुकला नाही. मग आज कुठून आला? क्षणभरात उमगले. तो माझ्या आईचा शब्द होता.

नातीला तसे सांगितले. ती सातवीत आहे, या वयात प्रश्न सरळ येतात. तिने विचारले, "मग पणजीचं चूक होतं का?"

मला उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो म्हणालो. त्या उद्याला बरेच दिवस लागले, म्हणून हा लेख.

अभंग कोणता आणि शब्द कोणता, हे मी इथे लिहिणार नाही. लिहिले, तर तुम्ही मासिक बाजूला ठेवून गाथा उघडाल आणि न्यायनिवाडा करून टाकाल. मीही आयुष्यभर तेच केले. आज मला निवाडा नको आहे, दोन शब्दांचा अर्थ तुमच्याबरोबर बसून पाहायचा आहे. एक 'प्रमाण' आणि दुसरा 'सहज'. हे दोन्ही आपण रोज वापरतो, आणि पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा वापरतो.

आधी प्रमाण घेऊ. कीर्तनकार एखादे विधान करतो आणि त्याच्या पाठीशी संतवचन उभे करतो. याला आपण प्रमाण देणे म्हणतो. न्यायशास्त्रात ज्याच्या योगे खरे ज्ञान होते ते प्रमाण. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे नैयायिक मानतात. यातले शब्द म्हणजे आप्ताचे, विश्वासू जाणत्याचे वचन. पण आपल्या रोजच्या भाषेत प्रमाण म्हणजे मापही आहे. मीठ प्रमाणात घाल, असे आपण म्हणतोच. दोन्ही अर्थांच्या मुळाशी 'मा' हा एकच धातू आहे, मोजणे हा त्याचा अर्थ.

माझ्या लहानपणी गावोगावची पायली वेगळी असे. एका गावची पायली दुसऱ्या गावात चालत नसे आणि बाजारात भांडणे होत. 1958 पासून देशात मेट्रिक वजने आली आणि पुढे सगळीकडे किलो झाला. आता विचार करा, किलो काय आभाळातून पडला? ज्वारीच्या दाण्यात कुठे किलो लिहिलेला नाही. आपण सर्वांनी तो मानला म्हणून तो खरा. तो मानला म्हणूनच अनोळखी दुकानातही आपण विश्वासाने गूळ घेतो. प्रमाणाचे काम हे आहे. दोघांचे जुळेनासे झाले की कोणाचे धरायचे, एवढ्या प्रश्नाचे ते उत्तर देते.

माझी आई आमटीत मीठ चिमटीने घाले. तिच्या चिमटीत किती ग्रॅम मीठ मावते, हे तिला ठाऊक नव्हते, आणि आमटी कधी खारट झाली नाही. हे सहज. सह म्हणजे बरोबर, ज म्हणजे जन्मलेले. जे माणसाबरोबर जन्माला आले, मुद्दाम आणावे लागले नाही, ते सहज. पण चिमूट दुसऱ्याला देता येत नाही. सुनेने विचारले, किती घालू, तर आई म्हणे, "घाल की अंदाजानं." सुनेची पहिली चार वर्षे त्या अंदाजात गेली.

तेव्हा माउली, हे दोन शब्द परस्परांचे शत्रू नाहीत. दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत. कोणाचे धरावे, हा प्रमाणाचा प्रश्न. कुठून उमटले, हा सहजाचा प्रश्न. एखादी गोष्ट दोन्ही असू शकते. टाळ हातात आला की 'विठ्ठल विठ्ठल' आपोआप तोंडात येते, आणि ते संप्रदायाला मान्यही आहे. एखादी गोष्ट प्रमाण असते पण सहज नसते. माउलींच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात आणि प्रत्येकीचा क्रम ठरलेला आहे. अमुक दिंडी पुढे आणि तमुक मागे, असा काही निसर्गाचा नियम नाही. आजच्या सोहळ्याची ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली, म्हणजे तिलाही सुरुवात आहे. पण ती सर्वांनी मानली, म्हणून लाखोंचा समाज वाटेत भांडण न होता पंढरीला पोचतो. उलट वाटेत विसाव्याला बायका फुगडी धरतात. तिचा नियम कोणी लिहिला? ती नुसती सहज. आणि चौथीही जात असते. कीर्तनात टाळ्या पडाव्यात म्हणून ओढूनताणून आणलेली चाल परंपरेत बसत नाही आणि गाणाऱ्याच्या आतूनही आलेली नसते. त्याबद्दल जास्त बोलत नाही. तरुणपणी मीही अशा दोन-तीन चाली आणल्या होत्या.

आता माझी गोष्ट सांगतो.

आमचे गाव फलटण तालुक्यातले. सतराव्या वर्षी मी आळंदीला गेलो. जोग महाराजांनी 1917 साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली आणि पुढे गावोगाव कीर्तनकार तयार होऊ लागले. चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, ज्ञानेश्वरी, गाथा आणि गीता यांची संथा घेऊन मी घरी परतलो. आमचे गुरुजी पाठाच्या बाबतीत कडक होते. एक अनुस्वार राहिला तरी पुन्हा पहिल्या ओवीपासून म्हणायला लावत. त्यांचे ऋण या जन्मी फिटणारे नाही.

1971 सालच्या सप्ताहात गावाने मला मान दिला. पहाटेच्या काकड्याला देऊळ भरले होते. बायकांच्या बाजूने माझ्या आईने तो अभंग उचलला. तिच्या आजीकडून आलेला, जात्यावर म्हणत मुरलेला. दुसऱ्या चरणात तो शब्द आला आणि मी हात वर करून टाळ थांबवले. म्हणालो, "पाठ असा नाही. शुद्ध पाठ ऐका." आणि म्हणून दाखवला. माणसांनी माना डोलावल्या. मुलगा शिकून आला, असे कोणी तरी म्हणाले. आईने पुढचा अभंग उचलला नाही.

संध्याकाळी मी विचारले, "आई, राग आला का?"

ती चुलीपुढे होती. म्हणाली, "राग कशाचा? तू शिकून आलायस. आमचं आपलं ऐकलेलं."

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. तालुक्यात रस्त्याची कामे निघाली आणि आई खडी फोडायला जाऊ लागली. एका दुपारी काही निरोप द्यायला मी कामावर गेलो. बाया लिंबाखाली सुकडी खाऊन बसल्या होत्या आणि आई गात होती. तोच अभंग, तोच शब्द. मी वीसेक पावलांवर उभा राहिलो. हातांना घट्टे पडलेल्या त्या बाया मान हलवत तिच्यामागे म्हणत होत्या. तेवढ्यात तिने मला पाहिले आणि हसून म्हणाली, "बायांनो, गप ऱ्हावा आता. म्हाराज आल्यात."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण त्या दिवसानंतर आईने माझ्यासमोर अभंग म्हटला नाही. पुढे सोळा वर्षे ती होती. मी घरात नसलो की म्हणायची, असे बायको सांगते.

ती गेल्यावर मी तो शब्द शोधू लागलो. मनात असे की कुठल्या तरी जुन्या प्रतीत तो सापडेल आणि माझ्या जिवावरचे ओझे उतरेल. शोधताना पुष्कळ शिकलो. आपण 'गाथा' म्हणतो तेव्हा आपल्या मनात एकच पुस्तक असते. पण 1869 आणि 1873 साली शंकर पांडुरंग पंडितांनी इंदुप्रकाश छापखान्यातून जी गाथा दोन खंडांत काढली, ती अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केली होती. 1950 साली मुंबई सरकारने गाथा छापली, तीही तिच्याच आधाराने. जोग महाराजांची सार्थ गाथा वेगळी. अभंगांची संख्याही सर्व गाथांत सारखी नाही. म्हणजे काकड्यात मी हात वर करून जो 'शुद्ध पाठ' सांगितला, तोही कोणा जाणत्याने चार पोथ्या समोर ठेवून, विचार करून निवडलेला होता. त्याने निवडला आणि आपण मानला. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो आपला किलो आहे.

आईचा शब्द मात्र मला कुठेच मिळाला नाही. जिथे जिथे पाठभेदांच्या टिपा आहेत तिथे बारीक अक्षरे लावून पाहिली. देहू, आळंदी आणि पंढरपूर इथे जुनी बाडे बाळगणाऱ्यांकडे बसलो. नाही मिळाला. फार वर्षांनी ध्यानात आले की हा शोधसुद्धा मी त्याच वृत्तीने करत होतो. आईला गाण्याची परवानगी मिळावी म्हणून मी छापखान्याच्या दारात उभा होतो.

आपल्या मराठीत एक विलक्षण शब्द आहे, पाठांतर. तोंडपाठ करणे म्हणजे पाठांतर, आणि मूळ पाठाहून निराळा झालेला पाठ म्हणजेही पाठांतर. जे जतन करते आणि जे बदलते, त्या दोहोंना एकच नाव. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. पुढे तीनशे वर्षे ती मुखोमुखी आणि पोथ्यापोथ्यांतून फिरली. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथ महाराजांनी प्रती जमवून तिचे शुद्धीकरण केले. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतराने त्यात अशुद्धे शिरली, असे सांगताना नाथांनी हाच शब्द योजला आहे. आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असेही बजावून ठेवले. प्रमाणासाठी एवढा कडकपणा करणारे हेच नाथ भागवताच्या टीकेत प्राकृत भाषेची बाजू घेऊन पंडितांना परखड प्रश्न विचारतात. प्राकृत म्हणजे प्रकृतीतून आलेली, लोकांच्या तोंडची. एकाच महापुरुषाने सहजाची बाजू घेतली आणि प्रमाणाला कुंपणही घातले.

आणखी एक गंमत पाहा. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती समोरच्या श्रोत्यांना कळणाऱ्या बोलीत. त्या काळी ती सहज होती. आज तीच बोली शिकायला चार वर्षे आळंदीला राहावे लागते. कालचे सहज आज आपले प्रमाण झाले. कुंपण घातले नसते तर ते हरवले असते, म्हणून नाथांचे उपकार. पण कुंपणाच्या आत जे आहे ते मुळात मोकळ्या रानात उगवलेले आहे, हे मी विसरलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, मग सहज ते सगळे चांगले का? नाही. इथे गीतेचा आधार घेतो. सोळाव्या अध्यायाच्या शेवटी भगवंत अर्जुनाला सांगतात की काय करावे आणि काय करू नये हे ठरवताना शास्त्र हेच तुला प्रमाण. विषय संपला, असे वाटते. पण सतराव्याच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन विचारतो की जे शास्त्रविधी सोडून, पण श्रद्धेने भजतात, त्यांचे काय? त्यांची निष्ठा सात्त्विक म्हणायची, राजस की तामस? या ठिकाणी ज्ञानदेवांनी अर्जुनाच्या शंकेला फार विस्तार दिला आहे. शास्त्रे अफाट, आयुष्य अपुरे, शिकवणारा भेटेलच असे नाही. मग साधी माणसे जाणत्यांच्या मागोमाग जातात, कित्त्याच्या अक्षरांखाली मूल अक्षरे काढते तशी. ती वाचताना मला नेहमी आई दिसते. तिच्यापुढे कित्ता होता, फक्त तो कागदावर नव्हता, आजीच्या गळ्यात होता.

भगवंतांचे उत्तर नीट ऐका. ते त्या माणसांना चूकही म्हणत नाहीत आणि बरोबरही म्हणत नाहीत. ते म्हणतात, श्रद्धा स्वभावातून जन्मते आणि स्वभाव तीन प्रकारचा असतो. म्हणजे सहज हा शब्द प्रशस्तिपत्र नव्हे. दया सहज येते, तसा रागही सहज येतो. माउली, काकड्याच्या वेळी माझा हात जो वर गेला, तो विचार करून गेला नव्हता. तोही सहजच गेला. तोंडात प्रमाण होते, पण हात उचलला तो बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या गर्वाने. आईजवळ प्रमाण नव्हते, आणि तिच्या आतून जे येत होते ते निर्मळ होते. सतरावा अध्याय मी शेकडो वेळा सांगितला. हा अर्थ मला साठीनंतर लागला.

काही वर्षांपूर्वी वारीत चांदोबाच्या लिंबाचे रिंगण झाल्यावर तरडगावच्या वाटेला आमच्या गावची एक म्हातारी भेटली. दुष्काळी कामावर आईच्या शेजारी बसणाऱ्यांतली ती. तिने चालता चालता तो अभंग उचलला. दुसऱ्या चरणात आईचा शब्द आला आणि मागच्या दोन तरुण सुनांनी तोच झेलला. मी अंग चोरून बाजूने चालत राहिलो. हात वर केला नाही. डोळ्यांत धूळ गेली होती, असे घरी सांगितले.

आणि आता नातीपुढे माझ्याच तोंडून तो शब्द गेला. पन्नास वर्षे घोटलेला छापील पाठ विस्मरणाने मागे सरला आणि त्याच्याखाली आईचा पाठ तसाच होता. अभ्यासानेही सहजता येते, हे खरे. गादीवर उभा असताना छापील पाठ मला न आठवता येत असे. पण ती दुसरी सहजता. पहिली मांडीवर असताना आली होती. वय झाले की दुसरी आधी जाते, असे दिसते.

तर नातीला मी काय सांगितले? आधी हे सांगितले की पुस्तकातले प्रमाण आहे आणि तू तेच म्हण. दहा जणांत म्हणायचे तर सर्वांचा एक शब्द पाहिजे, नाही तर टाळ एकीकडे आणि बोल दुसरीकडे जाईल. मी आजही कीर्तनात उभा राहिलो, तर छापील पाठच म्हणेन. मग सांगितले की पणजीचे प्रमाण नव्हते, पण चूक आजोबांची होती. पाठ सुधारायचा तर काकडा संपल्यावर चुलीपाशी बसून सांगता आला असता. किंवा नसता सांगितला तरी चालले असते.

ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही?" मी म्हणालो, "म्हणायला एक. आठवायला दोन्ही."

परवा गाथा काढली तेव्हा त्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलेले दिसले, 'पणजीचा पाठ', आणि पुढे तो शब्द. ग्रंथावर रेघ ओढू नये, असे मला गुरुजींनी शिकवले आहे. मी खोडरबर आणायला उठलो, आणलाही. बराच वेळ हातात धरून बसलो, आणि परत तिच्या कंपासपेटीत ठेवून दिला.

रामकृष्ण हरी.